पक्षिगृहाची बाग

रोमन पंडित व्हारो ह्याने इसवी सनापूर्वी 37 च्या सुमारास, वयाची ऐंशी वर्षे भरत आली असता, शेतीविषयी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात पक्ष्यांसाठी बांधावयाच्या घरांचे दोन प्रकार त्याने वर्णिले आहेत. पहिला प्रकार नफ्याचा. रोममधील मेजवान्यांसाठी कस्तूर जातीचे पक्षी पुष्ट करण्याकरिता जी घरे बांधीत, त्यांच्या खिडक्या मोजक्या असाव्यात आणि त्याही अशा बेताने ठेवाव्यात की आतील पक्ष्याला बाहेरची झाडे व बाहेरचे पक्षी दिसू नयेत; कारण ते दृष्टीस पडले म्हणजे त्यांच्या ओढीने तो झुरतो आणि वाळतो, असे तो सांगतो. दुसरा प्रकार केवळ सुखासाठी. त्याचे उदाहरण म्हणून कासिनुम येथील स्वतःच्या पक्षिगृहाचे वर्णन त्याने मोठ्या हौसेने केले आहे: दोन्ही अंगांना पडव्या, त्यांच्या खांबांच्या दरम्यान लावलेली ठेंगणी झाडे, वरून ताणलेले दोरांचे जाळे, आतून वाहणारा पाण्याचा बारीक पाट, आणि शेवटी एक वर्तुळाकार मंडप, ज्यात मुख्यत्वे गाणारे पक्षी ठेवलेले होते. ज्याला मारून खावयाचे त्याच्या दृष्टीआड झाड करावयाचे आणि ज्याचे गाणे ऐकावयाचे त्याला झाड द्यावयाचे, हे त्या वृद्ध गृहस्थास दोन हजार वर्षांपूर्वी नीट कळले होते. आपल्याकडे आज बंगल्यांच्या आवारांत जी पक्षिगृहे उभी राहतात, त्यांच्या मालकांपैकी पुष्कळांना ते अद्याप कळलेले नाही, असे खेदाने म्हणावे लागते. लोखंड, जाळी, रंग आणि पक्षी ह्यांवर सारा पैसा खर्ची पडतो, आणि झाडांची आठवण होते ती पक्षी आत सोडून झाल्यावर, उरलेल्या रकमेत दोन कुंड्या आणण्यापुरती.

ही चूक सौंदर्यदृष्टीची असती तर तिच्याविषयी एवढे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु लहान पक्ष्याच्या जीवितात झाडाचे स्थान शोभेच्या फार पलीकडचे आहे. निरनिराळ्या जातींचे पक्षी एकत्र ठेवले म्हणजे त्यांच्यात कुरबुरी होणारच. जागेवरून, घरट्यावरून, मादीवरून, कधी निव्वळ स्वभावाने. रानात अशा भांडणाचा निकाल अंतराने लागतो: जो हरतो तो उडून जातो, जिंकलेल्याच्या दृष्टीआड होतो, आणि प्रकरण तेथे मिटते. पिंजऱ्यात हरलेल्याला जाण्यास जागा नसते. तो सदैव विजेत्याच्या डोळ्यांसमोर राहतो, म्हणून भांडण कधी मिटतच नाही आणि दुबळा पक्षी दाण्याच्या भांड्याशी येण्यास भिऊन काही दिवसांतच खंगतो. रानातील मैलांचे अंतर आपण कोणत्याही बागेत आणू शकत नाही. पण दाट पानांचे एक झुडूप दोन पक्ष्यांच्या मध्ये आले, तर त्या दोघांच्या दृष्टीने हे अंतर पुष्कळसे निर्माण होते. ह्यालाच आपण मराठीत आडोसा म्हणतो. संमिश्र पक्षिगृहाची सारी विद्या ह्या एका गोष्टीभोवती फिरते, असे माझे मत आहे. आणि पुढील सर्व तपशील, जागेपासून छाटणीपर्यंत, मी ह्याच दृष्टीने देणार आहे.

तत्पूर्वी कोणते पक्षी ठेवावेत आणि मुळात ठेवावेत की नाही, ह्या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. आपल्या वाङ्मयात पक्षिशाळा नवी नाही. शूद्रकाच्या मृच्छकटिकात वसंतसेनेच्या वाड्याचे चौक पाहात विदूषक सातव्या चौकात येतो, तेव्हा तेथे पारवे, शुक, सारिका, कोकिळा, तित्तिर आणि मोर ह्यांची गर्दी त्याला दिसते. परंतु वसंतसेनेला जे शोभले ते आपल्याला शोभणारे नाही, आणि कायद्यानेही ते मना आहे. वन्यजीव संरक्षणाचा 1972 चा कायदा व त्यात वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्या ह्यांमुळे आपल्या रानातील मुनिया, पोपट, मैना, बुलबुल हे पक्षी पकडणे, विकणे आणि घरी पाळणे हा गुन्हा ठरतो. हा निर्बंध योग्यच आहे. रानातून धरलेल्या लहान पक्ष्यांपैकी कित्येक पकडताना आणि नेताना मरतात, आणि जे वाचतात त्यांना बंदिवासाची सवय लागण्यापूर्वी झुरणीच अधिक लागते. म्हणून ज्यांचे आईबाप, आजेपणजे पिंजऱ्यातच जन्मले, अशाच परदेशी वा पाळीव जातींपुरता हा छंद मर्यादित ठेवावा. त्यांतीलही काही जातींची सरकारदरबारी नोंद करावी लागते. उदाहरणार्थ जावा चिमणी. तिच्या मायदेशी तिची संख्या इतकी घटली आहे की तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये देखरेख आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा जाती बाळगणाऱ्याने वनखात्याकडे नोंदणी करणे बंधनकारक झाले आहे. पक्षी विकत घेण्यापूर्वी ह्या गोष्टीची चौकशी करावी आणि पावती जपून ठेवावी.

नवशिक्याने दोन जातींवर विसंबावे: झेब्रा फिंच आणि बेंगाली फिंच. पहिली जात ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, बेभरवशाच्या पावसाच्या मुलखातील. त्या देशाने 1960 पासून आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली, परंतु त्याच्या आधीच ही जात जगभर घरोघरी पोचून वाढू लागली होती. आज आपल्या बाजारात दिसणारा झेब्रा फिंच हा कित्येक पिढ्यांचा पाळीव आहे. दुसरीची कथा अधिक विलक्षण आहे. बेंगाली फिंच नावाचा पक्षी जगातील कोणत्याही रानात नाही. आपल्या सह्याद्रीतही राहणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या मुनियेचे काही पक्षी सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी चीनमधून जपानात गेले आणि तेथील हौशी लोकांनी निवड करीत करीत त्यांच्यापासून ही शांत, माणसाळलेली जात सिद्ध केली. ह्या पक्ष्यांचे गाणे त्यांच्या रानटी पूर्वजांच्या गाण्याहून अधिक गुंतागुंतीचे आहे, असे काझुओ ओकानोया ह्या जपानी शास्त्रज्ञाने दाखवून दिले. रानात नराला शत्रूचे भान ठेवूनच गावे लागे. तो धाक गेल्यावर गाण्याला पसरण्यास अवकाश मिळाला, असे एक स्पष्टीकरण ह्याबाबत दिले जाते. मला ते पटण्यासारखे वाटते.

आता जागा आणि बांधकाम. पुणे, सातारा, नाशिक ह्या पट्ट्यात पावसाचा वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो आणि उन्हाळ्यातील दुपारचे कठोर ऊनही पश्चिमेकडूनच येते. म्हणून पश्चिमेची एक पक्की भिंत बांधली की दोन्ही संकटांचा बंदोबस्त एकदम होतो. पूर्वेची बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे कोवळे ऊन आत येते आणि रात्रीची ओल वाळते. लांबी ही उंचीपेक्षा महत्त्वाची. छोटे पक्षी घारीसारखे वर चढत नाहीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे आडवे उडतात. सोळा फूट लांब, आठ फूट रुंद आणि सात फूट उंच एवढी जागा मिळाली तर पाच-सहा जोड्यांचे एक सुखी गाव तीत वसू शकते. उंच आणि निमुळता मनोरा दिसण्यास देखणा असला तरी त्यातील वरचे चार फूट सोडले तर बाकीची जागा पक्ष्याच्या दृष्टीने वाया जाते.

जोते विटांचे, जमिनीखाली दीड-दोन फूट खोल न्यावे, कारण घूस हा प्राणी किती खोल उकरतो ह्याची कल्पना ज्यांनी तिचा उपद्रव सोसला नाही त्यांना येत नाही. जाळी अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, वेल्ड केलेली घ्यावी. तळच्या तीन फुटांत तरी पाव इंची लावावी, आणि परवडल्यास सर्वत्रच. अर्ध्या इंचातून उंदराचे पिल्लू सहज आत येते, आणि उंदराच्या मागोमाग त्याच वाटेने सापही येऊ पाहतो. नव्या जस्ताळलेल्या तारेवर जी पांढरट पूड असते ती पक्ष्याच्या पोटात गेल्यास त्याला जस्ताची विषबाधा होते, म्हणून जाळी लावण्यापूर्वी पाणी घातलेल्या व्हिनेगरने घासून धुवावी आणि शक्य तर एक पावसाळा तिला उघड्यावर पडू द्यावी. नंतर तिला काळा रंग द्यावा. चकचकीत जाळी उन्हात स्वतःच डोळ्यांत भरते आणि आतील दृश्य झाकते. काळी जाळी दृष्टीला जवळजवळ जाणवत नाही.

दार दुहेरी असावे. बाहेरच्या दारातून आत आल्यावर ते लावून घ्यावे आणि मगच आतले दार उघडावे. आपल्या जुन्या वाड्यांना जशी देवडी असे तशी ही पक्ष्यांची देवडी. आतील दार बेताच्या उंचीचे, वाकून जावे लागेल असे ठेवावे. भ्यालेला पक्षी वर उसळतो, आणि ठेंगण्या दारावरून तो निसटण्याऐवजी छताशी जाऊन थांबतो.

छपराचा पश्चिमेकडील तिसरा हिस्सा पक्का असावा. त्यासाठी पत्र्यापेक्षा मंगलोरी कौले शतपटीने बरी. वैशाखात पत्र्याखाली पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकीत बसतात. कौलांखाली मात्र जाळी ताणलीच पाहिजे, नाही तर उंदीर तेथे बिऱ्हाड करतात. ह्या पक्क्या छपराखालील बसण्याच्या काठ्या उरलेल्या पक्षिगृहातील कोणत्याही फांदीपेक्षा उंच ठेवाव्यात. पक्षी रात्री नेहमी सर्वांत उंच जागा पसंत करतो. ती जागा उघड्यावर असेल तर मुसळधार पावसातही तो तेथेच भिजत बसेल आणि आडोशाला येणार नाही. दाणा आणि पाणी हेही ह्याच छपराखाली असावे. उघड्या जाळीवर कावळे, पारवे बसतात आणि त्यांची विष्ठा खाली पडते. 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला, तेव्हा ही खबरदारी किती मोलाची आहे हे सर्वांच्या ध्यानी आले.

इमारत उभी राहिली की पक्षी आणण्याची घाई सुटते. ती आवरावी. मृगाच्या पावसात झाडे लावावीत, पावसाळाभर त्यांना मुळे धरू द्यावीत, आणि दिवाळीचे फटाके संपल्यावर पक्षी आत सोडावेत, हा क्रम मी सर्वांत अगत्याचा मानतो. नुकत्या लावलेल्या रोपट्यावर दहा-बारा पक्षी तुटून पडले तर आठवड्याभरात त्याची काडी उरते. तेच झाड चार महिन्यांचे झाले म्हणजे रोज शेंडे खुडले गेले तरी खालून नवे फुटवे काढीत राहते.

दख्खनच्या काळ्या मातीत ही लागवड थेट करू नये. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात तडकते, आणि दोन्ही अवस्थांत पक्ष्यांच्या विष्ठेने लवकर नासते. दीड फूट माती काढून तळाशी विटांचे तुकडे व जाड वाळू घालावी, वर पोयटा आणि जुने कुजलेले शेणखत भरावे. खत पूर्ण कुजलेलेच असावे. अर्धवट कुजणाऱ्या पाल्यावर जी बुरशी धरते तिचे कण श्वासावाटे पक्ष्यांच्या फुप्फुसांत जाऊन असाध्य रोग उत्पन्न करतात. जमिनीला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यावा. झाडांखेरीजची जागा जाड वाळूने झाकावी आणि तिचा वरचा थर दर काही महिन्यांनी बदलावा. मातीची उघडी जमीन ओली राहिली की जंत आणि आतड्याचे विकार आलेच.

झाडे कोठे लावावीत? मध्यभागी नव्हे. मधली जागा टोकापासून टोकापर्यंत मोकळी राहिली पाहिजे, कारण उडणे ही ह्या प्राण्याची पहिली गरज आहे. दाट लागवड दोन्ही टोकांना आणि पश्चिमेच्या भिंतीलगत करावी, आणि तीही एकाच उंचीची नव्हे. भिंतीशी बारीक पानांचा कुंपणी बांबू, कुंती आणि कढीलिंब. बांबूचे सामर्थ्य विशेष आहे: पक्षी त्याची पाने ओरबाडतात, त्याच्या सुकलेल्या पात्यांनी घरटी विणतात, तरी तो दर पावसाळ्यात नवे कोंब काढून सर्व नुकसान भरून काढतो. कुंतीचे झाड छाटणी जितकी सोसते तितके दाट होते, आणि त्याच्या आतील फाट्यांच्या जाळ्यात घरटे बसवण्यास नैसर्गिक बैठका मिळतात. त्याच्यापुढे जास्वंद, डाळिंब आणि मेंदी. मेंदीचे कुंपण आपण नेहमीच पाहतो, म्हणून तिची किंमत वाटत नाही. पण तिची काटक, गुंतलेली डहाळी ही लहान पक्ष्यांना आयतीच लपण होते. सर्वांत खाली गवती चहाची आणि वाळ्याची ठोंबे लावावीत. डायमंड डव्ह नावाचा जो इवलासा ऑस्ट्रेलियन होला पुष्कळ लोक फिंचांच्या सोबतीला ठेवतात, तो बहुतेक काळ जमिनीवर असतो, आणि त्याला पळून बसण्यास अशा ठोंबांइतकी चांगली जागा नाही.

ह्या तिन्ही थरांच्या फटींतून राळे, बाजरी आणि नाचणी आपोआप उगवतात, कारण पक्षी जितके दाणे खातात त्याहून अधिक सांडतात. ही उगवण तण समजून उपटू नये. दाणा दुधावर आला म्हणजे पक्षी ताटावर झोंबकळत तो सोलून खातात, आणि पिलांना भरवण्यास ह्या हिरव्या, मऊ दाण्यासारखे दुसरे अन्न नाही. झेब्रा फिंच आपल्या मायदेशी वीण धरतो तो पंचांगातील ठरावीक महिन्यात नव्हे, तर पाऊस पडून गवताचे बी पिकू लागले की. राळ्याचा एक हिरवा ताटवा पाहिला म्हणजे दहा पिढ्या पिंजऱ्यात गेलेल्या पक्ष्यातही तीच हाक जागी होते.

काही झाडे मात्र आवारातही नकोत, मग आत कोठून? कण्हेर आणि बिट्टी ह्यांच्या पानापानांत हृदय थांबवणारे विष आहे. धोत्रा, घाणेरी, एरंड, गुंज आणि रुई हीही वर्ज्य. अव्होकाडोची लागवड अलीकडे बागांतून होऊ लागली आहे. त्याचे फळ माणसाला पथ्याचे असले तरी त्याची पाने, साल आणि गरही पक्ष्यांना मारक ठरतात. शिवाय पक्षिगृहात आणि त्याच्या आसपास कीटकनाशक फवारण्याचा विचारही मनात आणू नये. पानांवर विष्ठा पडते, तिने पाने करपतात. म्हणून रोज सकाळी पाण्याच्या बारीक फवाऱ्याने झाडे धुवावीत. पक्षी त्या ओल्या पानांत अंग घासून स्नान करतात, म्हणजे एका श्रमात दोन कामे होतात.

ज्यांना जमिनीत लागवड करणे शक्य नाही, गच्चीवर ज्यांचे पक्षिगृह आहे, त्यांनी कुंड्यांचे दोन संच ठेवावेत: एक आत, एक बाहेर उन्हात सावरत असलेला, दर पंधरवड्याला अदलाबदल करावी. आणि कोणाचेही पक्षिगृह असो, वाळलेल्या बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्यांचा एक जाड भारा एका कोपऱ्यात उंच टांगून ठेवावा. तो खुडला जात नाही, पाणी मागत नाही, आणि नवा पक्षी आत सोडला की तो बहुधा पहिल्याने त्यातच शिरून बसतो. वेलींविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. मधुमालतीने किंवा कृष्णकमळाने मढलेले पक्षिगृह चित्रासारखे दिसते खरे, परंतु छपरावर चढलेला वेल पाणी धरून जाळी गंजवतो, मुंग्यांना व उंदरांना शिडी पुरवतो, आणि सकाळचे ऊन अडवतो. वेल हवाच असेल तर पश्चिमेच्या भिंतीवर, बाहेरून चढवावा.

आता सोबतीचा प्रश्न. बाजारात लव्हबर्ड ह्या नावाने जो विकला जातो तो बहुधा बजरीगर, म्हणजे एक छोटा पोपट असतो. तो रंगीत, स्वस्त आणि काटक, त्यामुळे पुष्कळजण तो फिंचांत सोडून देतात. हे करू नये. त्याच्या चोचीपुढे झाड टिकत नाही, आणि फिंचाचा काडीसारखा पाय त्या चोचीत सापडला तर तो तुटतो. खऱ्या लव्हबर्डविषयी तर बोलावयासच नको. जावा चिमणी मोठी असून धीट आहे. जागा ऐसपैस असेल तरच तिचा विचार करावा. गोल्डियन फिंचाचे रंग पाहून मोह होतो. तो स्वभावाने गरीब आहे, पण आमच्याकडील पौष-माघातील थंड रात्री त्याला सोसत नाहीत, आणि पहिली दोन-तीन वर्षे अनुभव घेतल्यावरच त्याच्याकडे वळावे.

जोड्यांच्या संख्येचा एक दस्तुर जुने पक्षिपालक पाळतात आणि तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे: एका जातीची एकच जोडी ठेवावी किंवा तीन अथवा अधिक, पण दोन ठेवू नयेत. दोनच जोड्या असल्या की दांडगी जोडी सर्व वेळ दुसरीच्या मागे लागते. तीन झाल्या की तिचा राग विभागला जातो आणि कोणा एकावर तो असह्य होत नाही. तसेच रंगाने वा आकाराने एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन जाती एकत्र नसाव्यात, कारण पक्षी परक्याची उपेक्षा करतो, पण स्वतःसारख्या दिसणाऱ्याला प्रतिस्पर्धी मानतो. नवे पक्षी आणल्यावर महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात, दूरच्या खोलीत ठेवावेत, आणि पहिली वसाहत शक्यतो सर्वांना एकाच दिवशी सोडून करावी. आधी आलेला प्रत्येक फांदीवर आपली वहिवाट सांगू लागतो, आणि मागून येणाऱ्याला ती मोडून काढणे कठीण जाते.

आहाराचे थोडक्यात सांगतो. राळे आणि बारीक बाजरी हा मुख्य दाणा, सोबत कधी भिजवून मोड आणलेले तेच धान्य, राळ्याची टांगलेली कणसे, पालक व माठ, उकडलेल्या अंड्याचा चुरा, आणि कायमचे म्हणून समुद्रफेन व भाजून कुटलेली अंड्याची कवचे. पाणी दोन वेळा बदलावे. स्नानाचे पसरट भांडे इंचभराहून खोल नसावे आणि ते फांदीखाली ठेवू नये.

रात्रीची भीती हा विषय मात्र विस्ताराने सांगण्यासारखा आहे, कारण निरोगी पक्षी सकाळी मेलेला सापडतो त्याचे कारण पुष्कळदा आजार नसून ही भीतीच असते. मांजर छपरावर आले, घुबड जाळीवर आपटले, शेजारी लग्नाचे फटाके उडाले, की झोपलेले पक्षी अंधारात एकदम उसळतात आणि जाळीवर डोके आपटून घेतात. घुबड वा दिवसा शिक्रा जाळीतून पंजा घालून फांदीवरचा पक्षी ओढू शकतो; म्हणून छपराच्या जाळीवर तीन-चार इंच अंतर सोडून दुसरी जाळी ताणावी. पक्क्या छपराखाली एक मंद दिवा रात्रभर ठेवावा, ज्याच्या उजेडात घाबरलेल्या पक्ष्याला परत आपली काठी सापडेल. भिंतीलगतची दाट झाडे येथेही उपयोगी पडतात: ज्याला रात्री पानांत शिरून बसण्याची सवय आहे तो सावली हलली म्हणून उघड्यावर झेप घेत नाही.

घरट्यांच्या टोपल्या जोड्यांच्या दुप्पट टांगाव्यात आणि सर्व एकाच उंचीवर, पण एकमेकींपासून झाडाने वेगळ्या केलेल्या. एखादी टोपली इतरांहून वर असली की तिच्याचसाठी सर्वांची झटापट होते. काथ्या, सुके गवत, वाळ्याची मुळे हे साहित्य पुरवावे; लांब दोरा कधीही टाकू नये, त्यात पाय अडकून पिलू लटकते. झेब्रा फिंचाची अंडी सुमारे दोन आठवड्यांत फुटतात आणि पिलू साधारण तीन आठवड्यांत घरट्याबाहेर पडते. त्यानंतरचा काळ ऐकण्यासारखा असतो. नर पिलू पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास बापाचे गाणे मनात भरू लागते आणि तीन महिन्यांचे होईतो त्याचे स्वतःचे गाणे पक्के ठरते. त्यापुढे ते जन्मभर तेच गाते. क्लाउस इमेलमान ह्या जर्मन शास्त्रज्ञाने झेब्रा फिंचाची पिले बेंगाली पालकांकडून वाढवली, तेव्हा ती मोठेपणी बेंगाली गाणे गाऊ लागली. संमिश्र पक्षिगृहात प्रत्येक जोडीला स्वतःचा निवांत कोपरा का हवा, ह्याचे ह्याहून सुंदर कारण मला ठाऊक नाही: पिलाला आपल्या बापाचा आवाज इतरांतून वेगळा ऐकू आला पाहिजे.

परंतु विणीला मर्यादा घालणे हेही मालकाचेच काम. अन्न भरपूर असले की झेब्रा फिंच थांबत नाही. मादी एकामागून एक वीण करीत क्षीण होते, कडाक्याच्या थंडीत तिच्या पोटात अंडे अडून ती दगावते, आणि सहा जोड्यांसाठी बांधलेल्या घरात पाहता पाहता चाळीस पक्षी होतात. म्हणून आषाढ लागला की रिकाम्या झालेल्या टोपल्या एकेक करून काढून घ्याव्यात आणि भाद्रपद संपेतो पुन्हा टांगू नयेत. प्रत्येक जोडीची वीण, पिलांची संख्या, पिले कोणाला दिली त्याचे नाव आणि तारीख ह्यांची एक वही ठेवावी. छाटणीही ह्याच दिवसांत करावी, कारण घरट्यांना धक्का लागण्याचे भय नसते आणि पावसाने झाडे लवकर सावरतात. फक्त सर्व झाडे एकाच दिवशी छाटू नयेत. यंदा उत्तरेकडचे टोक छाटले तर दक्षिणेकडचे तसेच राहू द्यावे आणि त्याची पाळी पुढील वर्षी येऊ द्यावी; आणि मेंदी व कुंती कितीही वाढलेल्या दिसल्या तरी एका वेळी त्यांचा एक तृतीयांश भागच काढावा.